दोनशे वर्षांचा झुलता पूल

कोकणातल्या माणसाला पूल म्हटलं की आधी साकव आठवतो. आमच्या गावच्या वहाळावर माडाचे दोन सोट आडवे टाकून केलेला साकव होता. पावसाळ्यात वहाळ भरून वाहू लागला की आजी आम्हा भावंडांना त्यावरून एकेकटं सोडायची. पहिला पलीकडं पोचून हात वर करेपर्यंत दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. भारनियमनाचा मी शिकलेला पहिला धडा तो. विजेच्या नव्हे, पुलावरच्या भाराच्या!

पुढं सरकारी नोकरीत पुलांची देखभाल हेच माझं काम झालं. बहुतेक पूल दगडी कमानींचे, नाहीतर काँक्रीटचे. झुलता पूल मात्र मला कायम पुस्तकातच भेटला. त्या पुस्तकातही एक चित्र हटकून असायचं. दोन्ही काठांवर दगडी मनोरे, त्यांच्यामधून माळेसारख्या झोळ खाऊन गेलेल्या साखळ्या आणि खालून शिडं उभारून निघालेलं जहाज. हा मेनायच्या सामुद्रधुनीवरचा पूल. ब्रिटनच्या वेल्स प्रांतातला, १८२६ सालचा.

२०२२ साली माझी पुतणी शिकायला नेमकी त्याच गावी, बँगोरला गेली. तिची खोली पुलाच्या पलीकडं आणि विद्यापीठ अलीकडं. रोज त्या पुलावरून जाशील तेव्हा माझी आठवण काढ, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. ऑक्टोबर महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री तिचा फोन आला, "काका, तुमचा पूल बंद केला की हो!" तारीख होती २१ ऑक्टोबर २०२२. भर दुपारी ऐनवेळी सूचना देऊन पूल वाहतुकीला बंद केला होता. पडला नव्हता, झुकला नव्हता, वरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नव्हतं. लोक चिडले होते आणि माझी पुतणीही त्यांच्यातच होती.

तो का बंद केला, हे कळायला दोनशे वर्षं मागं जायला हवं.

वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे. त्याच्या पलीकडच्या टोकाला होलिहेड हे बंदर आणि तिथून समुद्र ओलांडला की आयर्लंडचं डब्लिन. १८०१ साली आयर्लंड ब्रिटनला जोडलं गेलं, डब्लिनची संसद बंद झाली आणि तिथल्या खासदारांना लंडनच्या वाऱ्या सुरू झाल्या. वाटेत ही मेनायची सामुद्रधुनी आडवी. रुंदी आपल्या एखाद्या मोठ्या खाडीएवढीच, पण भरती-ओहोटीच्या वेळी पाण्याला अशी ओढ की भले भले नावाडी कचरत. १७८५ च्या डिसेंबरात इथं एक नाव वाळूच्या दांड्यावर अडकून बुडाली. नावेतल्या ५५ माणसांपैकी एकच वाचला. बेटावरची गुरं इंग्लंडच्या बाजारात न्यायची तर ओहोटी साधून ती पाण्यात घालत आणि पोहत पलीकडं नेत. काही वाहून जात. हे सारं शतकानुशतकं चाललं होतं. पण गैरसोय खासदारांची होऊ लागली तेव्हा पुलाची निकड भासली. हा न्याय काही आपल्याकडेच आहे असं नाही.

काम आलं टॉमस टेलफर्ड या इंजिनियरकडं. हा मूळचा स्कॉटलंडचा, एका मेंढपाळाचा मुलगा. जन्मल्यानंतर काही महिन्यांतच वडील गेले. शाळा थोडी झाली आणि मुलगा पाथरवटाच्या हाताखाली लागला. छिन्नी-हातोड्यापासून सुरुवात करून रस्ते, कालवे, पूल बांधत तो इंग्लंडातल्या स्थापत्य अभियंत्यांच्या पहिल्या संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. पदवी वगैरे काही नाही. दगडाची मात्र त्याला नस कळत होती.

पण मेनायला नुसता दगड पुरणार नव्हता. आरमाराची अट अशी की भरतीच्या पाण्यापासून पूल १०० फूट उंच हवा, म्हणजे शिडाची उंच जहाजं खालून जातील. शिवाय बांधकाम चालू असतानाही जहाजांचा मार्ग अडता कामा नये. कमान बांधायची तर खाली लाकडी साचा, सेंटरिंग, उभं करावं लागतं आणि वाहत्या सामुद्रधुनीत ते उभं करायचं कसं? तेव्हा टेलफर्डनं आधार खालून देण्याऐवजी वरून द्यायचं ठरवलं. दोन मनोऱ्यांवरून लोखंडी साखळ्या टाकायच्या, त्यांची टोकं दोन्ही काठांच्या खडकात खोल पुरायची आणि साखळ्यांना उभे गज लोंबकळवून त्या गजांना रस्ता टांगायचा.

दोरावरचे पूल माणसाला नवे नव्हते. हिमालयात ते कधीपासून आहेत. पण माणसं, घोडे, टपालगाड्या असं सगळं घेऊन ५७९ फूट, म्हणजे जवळपास १७६ मीटर, एका झेपेत जाणारा पूल तोवर जगात कुणी बांधला नव्हता.

इथं एक गंमतीची गोष्ट सांगायला हवी, कारण झुलत्या पुलाचं मर्म तिच्यात आहे. तुम्ही अंगणात कपडे वाळत घालायची दोरी बांधलीत. ती सैल असली तर ओल्या धोतरानं मध्ये खाली येते. म्हणून आपण ती ताणून, अगदी ताठ बांधतो. ताठ दोरी दिसते मजबूत, पण तेच धोतर वर टाकलं की खुंटी उपटून येते ती ताठ दोरीचीच, सैल दोरीची नव्हे! दोरीला झोळ जितका कमी तितकी तिच्यातली ओढ जास्त. टेलफर्डनं आधी साखळ्यांना झोळ बेताचाच ठेवला होता. डेव्हिस गिल्बर्ट नावाच्या गणितज्ञ खासदारानं हिशेब मांडून दाखवलं की एवढा झोळ पुरणार नाही. टेलफर्डचा भरवसा गणितापेक्षा प्रयोगावर. पण मुद्दा त्याला पटला. मनोरे वाढवले आणि झोळ सुमारे ४३ फुटांवर नेला. तरीसुद्धा मनोऱ्याच्या माथ्यावर साखळ्यांतली ओढ टांगलेल्या निम्म्या वजनाएवढी नसते, पुऱ्या वजनाएवढीही नसते, ती त्याच्या पावणेदोनपट भरते. बघणाऱ्याला रस्ता दिसतो. पूल असतो तो साखळीत आणि जमिनीत पुरलेल्या तिच्या टोकांत.

काम १८१९ साली सुरू झालं. जवळच्या पेनमॉनच्या खाणीतून चुनखडीचा दगड आला. पाण्यापासून १५३ फूट उंचीचे मनोरे उभे राहिले. बेटाच्या बाजूला चार आणि मुख्य भूमीच्या बाजूला तीन अशा दगडी कमानी झाल्या. लोखंड आलं श्रूजबरीकडच्या भट्ट्यांतून. सोळा साखळ्या, एकेका साखळीत ९३५ लोखंडी पट्ट्या. प्रत्येक पट्टी यंत्रावर ताणून तपासली जाई. मग ती तापवून जवसाच्या तेलात बुडवत, गंज लागू नये म्हणून. पट्टीन् पट्टी! आमच्या खात्यात सिमेंटच्या शंभर पोत्यांमागं एक तपासलं तरी आम्ही स्वतःला कडक समजत असू.

२६ एप्रिल १८२५ या दिवशी पहिली साखळी चढवायची होती. मनोऱ्यांच्या मधल्या भागाचंच वजन साडेतेवीस टन. ती एका लांबलचक तराफ्यावर पसरून, भरती साधून मनोऱ्यांच्या मध्ये आणली. एक टोक एका मनोऱ्यावरून आलेल्या साखळीला जोडलं. दुसऱ्या टोकाला दोर बांधून ते उभ्या रहाटांना गुंडाळले आणि दीडशे माणसं रहाट फिरवू लागली. पावलं एका तालात पडावीत म्हणून बासरीवाले वाजवत होते. दोन्ही काठांवर माणसांची गर्दी. तराफा खालून निसटला आणि साखळी अधांतरी उचलली गेली. शेवटचा खिळा बसला तेव्हा दोघा-तिघा कामगारांना राहवलं नाही. ते त्या साखळीवरून सरपटत पलीकडं गेले. टेलफर्डच्या चरित्रकारानं लिहिलं आहे की अभिनंदन करायला मित्र धावत गेले तेव्हा म्हातारा गुडघे टेकून प्रार्थना करत होता. त्याआधी कित्येक रात्री त्याला नीट झोप नव्हती. गिल्बर्टचा हिशेब, आपले प्रयोग, तपासलेल्या पट्ट्या, सारं गाठीशी असूनही झोप नव्हती. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

३० जानेवारी १८२६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर, वादळी हवेत, लंडनहून आलेली टपालगाडी पहिल्यांदा पुलावरून गेली. लंडन ते होलिहेड हा ३६ तासांचा प्रवास २७ तासांवर आला.

आणि मग वाऱ्यानं आपलं काम सुरू केलं.

टेलफर्डनं वजनाचा हिशेब चोख केला होता. वाऱ्याचा हिशेब मांडण्याची विद्याच तेव्हा नव्हती. लाकडी फळ्यांचा रस्ता हलका, लवचिक. वादळात तो लाटेसारखा उठू लागला. १८३६ च्या जानेवारीतल्या वादळात तो वर-खाली मिळून सुमारे १६ फूट हलला असं पुलाच्या राखणदारानं सांगितलं. १६ फूट म्हणजे दीड मजला. टेलफर्ड तोवर वारला होता. १८३९ च्या जानेवारीत आणखी मोठं वादळ आलं. उभे गज मोठ्या संख्येनं तुटले आणि रस्त्याचा तुकडा फाटलेल्या सतरंजीसारखा लोंबू लागला. साखळ्या शाबूत राहिल्या. टेलफर्डच्याच हाताखाली पुलावर देखरेख केलेल्या विल्यम प्रॉव्हिसनं १८४० साली नवा, जड आणि ताठ लाकडी रस्ता घातला. १८९३ साली तो काढून पोलादी केला.

झुलत्या पुलाला वजनाइतकीच भीती लयीची असते, हे त्या काळात ठेचा खात खात कळत होतं. १८३१ साली मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन इथं ७४ सैनिक पावलाला पाऊल लावत झुलत्या पुलावरून चालले आणि एका बाजूचा आधार तुटून पूल खाली आला. पुलावर कवायतीची चाल मोडायची, हा लष्करातला नियम तेव्हापासूनचा. एवढं होऊनही १९४० साली अमेरिकेत टकोमा इथं नवाकोरा पूल, उघडल्यावर जेमतेम चार महिन्यांनी, वाऱ्यानं पिळवटून पाण्यात पडला. देखणा, सडपातळ रस्ता हे त्याचं वैशिष्ट्य होतं. मेनायचा धडा शंभर वर्षांपूर्वीचा होता, पण तो वाचतो कोण!

विसाव्या शतकात मोटारी आल्या, ट्रक आले. टेलफर्डच्या साखळ्यांवर साडेचार टनांहून जड गाडी न्यायला मनाई होती. त्यामुळं १९३८ ते १९४१ या काळात मूळ लोखंडी साखळ्या काढून पोलादी साखळ्या घातल्या, तेही पूल बंद न करता. म्हणजे बघा, रस्ता तीनदा बदलला, साखळ्या बदलल्या, गज बदलले. दगडी मनोरे आणि कमानी तेवढ्या टेलफर्डच्या. मग हा पूल १८२६ चा की १९४१ चा? पुतणीनं हा प्रश्न मला विचारला तेव्हा मी तिला म्हटलं, तुझ्या आजीच्या गोधडीचे किती तुकडे मूळचे आहेत ते आधी बघ.

आता पुन्हा २१ ऑक्टोबर २०२२ कडं येतो. त्या सुमारास पुलाच्या बळाचा नव्यानं हिशेब चालला होता. त्यात दिसून आलं की दुरुस्तीच्या काळातल्या उभ्या गजांच्या जोडण्या ठिसूळपणे तुटू शकतात. ठिसूळपणे या शब्दाला आमच्या धंद्यात फार अर्थ आहे. मऊ लोखंड तुटण्याआधी ताणतं, वाकतं, सांगून जातं. ठिसूळ तुटतं ते काचेसारखं, आगाऊ वर्दी न देता. एक गज तुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर, मग त्यांच्या शेजाऱ्यांवर. डोळ्यांना काही दिसेल याची वाट पाहण्यात अर्थच नव्हता. त्यांनी पूल बंद केला.

नऊ दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, रविवारी संध्याकाळी, गुजरातेत मोरबीचा झुलता पूल मच्छू नदीत कोसळला. १३५ माणसं गेली, त्यांत लहान मुलं कितीतरी.

मोरबीचा पूल मोरबीच्या संस्थानिकांनी बांधलेला, १८७९ साली मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते उघडलेला. लांबी २३० मीटर, रुंदी जेमतेम सव्वा मीटर. कित्येक महिने दुरुस्तीसाठी बंद होता आणि गुजराती नववर्षाच्या दिवशी, २६ ऑक्टोबरला, पुन्हा उघडला होता. चौकशीत जे बाहेर आलं ते मी दोनदा वाचलं. मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या. दुरुस्तीत दोर बदललाच नव्हता. जुन्या गजांनाच नवे गज वेल्डिंगनं जोडले होते. लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले, त्यामुळं पुलाचं स्वतःचंच वजन वाढलं. उघडण्याआधी भाराची चाचणी नाही, आणि एका वेळी किती माणसं सोडायची याला धरबंध नाही. रंग मात्र नवा होता. पायाखालचं सगळं चकचकीत, आणि ज्याला ते टांगलं होतं त्या दोराकडं कुणी बघितलंच नाही.

परदेशात सगळं छान आणि आपल्याकडं सगळं वाईट, असं मला म्हणायचं नाही. ऋषिकेशचा लक्ष्मणझुला १९३० सालचा. जुलै २०१९ मध्ये तो धोकादायक ठरला आणि पुढं कायमचा बंद झाला. गावकरी आणि दुकानदार नाराज झाले, पण माणूस दगावला नाही. दुसऱ्या बाजूला, १५ जून २०२५ ला आपल्या तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळून चार जण गेले. तो झुलता पूल नव्हता. धोक्याची पाटी मात्र तिथंही होती.

पाटीचा विषय निघाला म्हणून माझीच एक गोष्ट सांगतो. नोकरीत असताना एका आडगावच्या पादचारी पुलाचा अहवाल मी लिहिला होता. पुलाच्या पायथ्याशी हातोडीनं ठोकून बघितलं तर लोखंडाचा खणखणीत आवाज यायचा तिथं भद् असा आवाज आला. पावसाळ्यापूर्वी पूल बंद करावा, अशी मी शिफारस केली. वरिष्ठ म्हणाले, "अहो साहेब, शाळेची मुलं दोन मैल वळसा घालून जाणार का? पाटी लावा." मी पाटी लावली. पिवळी, तांबड्या अक्षरांची. त्या पाटीखालून मुलं आणि दुधाचे कॅन घेतलेल्या बाया दोन महिने येत-जात होत्या, आणि मी दर सोमवारी वर्तमानपत्र उघडताना आधी जिल्ह्याचं पान बघत होतो. श्रावणात एका रात्री पूर आला आणि पुलाचा मधला गाळा वाहून गेला. रात्र होती, पुलावर कुणी नव्हतं. माझी फाईल व्यवस्थित होती. शिफारस नोंदलेली, पाटीचा फोटो जोडलेला. मला कुणी काही विचारलं नाही. पण तो गाळा रात्री अडीचला गेला, सकाळी साडेदहाला गेला नाही, यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

मेनायचा पूल तात्पुरता आधार देऊन २ फेब्रुवारी २०२३ ला उघडला, तोही फक्त साडेसात टनांपर्यंतच्या गाड्यांना. पुढच्या काळात सगळे उभे गज एकेक करून बदलले. पुलाच्या टोकाला वसलेल्या गावातल्या दुकानदारांचं त्या साडेतीन महिन्यांत फार नुकसान झालं आणि त्यांचा राग खोटा नव्हता. जवळच रॉबर्ट स्टीफन्सननं १८५० साली बांधलेला ब्रिटानिया पूल आहे, त्यामुळं वळसा घेऊन का होईना, जाता येत होतं. तो पूल १९७० साली जळाला होता. वटवाघळं शोधायला मशाल घेऊन आत शिरलेल्या पोरांच्या हातून ती आग लागली. पण ती एक वेगळीच कथा आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, द्विशताब्दी तीन-चार महिन्यांवर आली असताना, पूल पुन्हा काही आठवडे बंद झाला. या वेळी खालच्या तुळयांच्या बोल्टांत दोष सापडला होता. पुतणी आता तिकडंच नोकरी करते. तिचा निरोप आला, "काका, पुन्हा वळसा. रोजची वीस मिनिटं." मी तिला उलट विचारलं, किती बोल्ट? तिनं कळवलं, "ते मोजतायत."